विश्वस्तांचे आपसांतील नाते

मामाजी गेले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
आणि खाट रिकामी झाली.
लोखंडी. पायथ्याशी हँडल,
फिरवलं की माणूस अर्धा उठून बसे
आणि खिडकीतून त्याला बोडी दिसे.

तेरवी व्हायची होती,
तर फुलझेल्यांचा मनोहर दारात उभा.
"काकू, बापाचं कंबरडं मोडलं. खाट..."
आत्याबाईंनी गादी उन्हात टाकली.
"ने. पण हँडलले तेल देत जाय."

मग कोणी वॉकर आणून ठेवला, कोणी चाकाची खुर्ची.
गोठ्यात बैल नव्हतेच, जागा होती.
मी दोनशे पानी वहीत लिहायची
कोण, कुठलं, काय नेलं, कधी आणलं.
का आणलं, हा रकाना आखला नाही.
परत करायला आलेल्याचं डोकं बघितलं
की कळायचं.

नागपूरचे एक साहेब पाच खाटा द्यायला तयार झाले.
"ऐंशी-जी आहे ना तुमच्याकडे?"
भासरे म्हणाले, "आमच्याकडं फोर-जीच
पारीवर चढल्याबिगर येत नाई."

तिथून सुरू झालं.
भंडाऱ्याच्या वकिलाने तेवीस उद्देश टाईप केले,
वृक्षलागवड, योगप्रसार, क्रीडास्पर्धा,
पुढे लागले तर असू द्या म्हणून.
आत्याबाईंनी ते एकेक वाचून घेतले
आणि बावीस खोडायला लावले.
"जे होणार नाई, त्यावर सही कायले?"

धर्मादाय कार्यालयात पंखा होता, फिरत नव्हता.
विश्वस्तांचे आपसांतील नाते, या रकान्यात
सासू, दोन मुलं, मुलगी, सून.
लिपिकाचं पेन थांबलं. "सगळे घरचेच?"
"खाट घरचीच होती न बाप्पा."
त्याने वर बघितलं नाही, पण शिक्का मारला.

मालमत्ता : खाट एक, वॉकर दोन, खुर्ची एक,
पाण्याची गादी (ठिगळ लावलेली).
सुरुवातीचा निधी : एक हजार एक,
शेंगदाण्याच्या डब्यातून.
बारा-अ चा ओटीपी बोडीच्या पारीवर आला,
नवरा वरून आकडे ओरडला,
मी अंगणात लॅपटॉपवर दाबले,
मधे बगळे उडाले, एक आकडा चुकला,
पुन्हा दहा मिनिटं.

मंजुरी आली एका रात्री. तात्पुरती.
सकाळी रमाबाई मेश्राम दोन पायल्या लाखोरी घेऊन:
"माही देणगी. पावती फाड."
मी म्हटलं, धान्याला सूट मिळत नाही, फक्त पैशाला.
"मले कुठी टॅक्स हाय बाई?
पावती पायजे. नाव छापेल."
फाडली. रकमेच्या जागी लिहिलं, लाखोरी.
सीए त्यावर अजून बोलतो.

माघात आत्याबाई न्हाणीत घसरल्या.
गोठ्यात एक वॉकर उभा होता,
दहा पावलांवर.
मी आणायला निघाले, तर म्हणाल्या,
"कलम चौदा."
विश्वस्त वा त्यांचे नातलग यांना
संस्थेपासून लाभ होणार नाही.
वकिलाने मोठ्याने वाचलं होतं तेव्हा
मला वाटलं होतं, झोपल्या.

चार दिवस त्या भिंत धरून चालल्या.
चुन्यावर त्यांच्या हाताची रेघ उमटली,
माजघरापासून मोरीपर्यंत.
मी पारीवर जाऊन सीएला फोन केला.
"बाजारभावाने भाडं घ्या, नोंद ठेवा, चालतं."

भंडाऱ्यात भाव विचारला. महिन्याला तीनशे.
गावाला फुकट मिळतं ते
त्यांनी पुडीतून मोजून दिलं,
सुटी नाणी शेवटी.
पावती क्रमांक एकतीस.
चष्मा लावून उलटसुलट पाहिली.

"यात सूट नाई न?"
"नाही. भाडं आहे."
"मंग बरं," म्हणाल्या,
आणि वॉकरच्या रबरावर बोट फिरवलं.
"हे झिजलं. परत घेताना पाहाच न तुम्ही?"